चिखलातून आलेली डोण

मागच्या महिन्यात या सदरात मी नेदरलँड्समधल्या एका होडीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. पाइनचं एकच खोड कोरून केलेली ती होडी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि आजवर जगात सापडलेल्या होड्यांमध्ये सर्वांत जुनी मानली जाते. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेते. देवगडचं पत्र सर्वांत आधी, कारण तिथे एकेक दिवस मोलाचा आहे. पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन केला होता, पण असं लाकूड उद्या कुणालाही सापडू शकतं, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न : खाडीच्या काठी कोळंबीच्या तळ्यासाठी खणताना दीड पुरुष खोलीवर आम्हाला एक लांब, आतून कोरलेलं खोड मिळालं. साधारण चौदा हात लांब आहे. मजूर म्हणतात, जुनी होडी. सध्या अंगणात ठेवलंय. नीट वाळवून वर तेलाचा हात दिला तर टिकेल ना? (एक वाचक, देवगड तालुका)

वाळवू नका. तेल लावू नका. हे उत्तर वाचत असाल त्या क्षणी ते खोड उन्हात असेल, तर मासिक बाजूला ठेवा आणि आधी त्यावर ओली गोणपाटं टाका.

आता कारण सांगते. पिंपळाचं पान वहीत ठेवून, पाण्यात कुजवून त्याची जाळी केलेली आठवते? पानातला मऊ भाग जातो आणि शिरा तेवढ्या उरतात. शेकडो वर्षं चिखलात राहिलेल्या लाकडाचं तसंच होतं. लाकडाच्या पेशींच्या भिंतींतला सेल्युलोज जिवाणू हळूहळू खातात, लिग्निन मागे राहतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी शिरतं. वरून खोड अगदी धडधाकट दिसतं, पण त्याचा आकार सावरून धरलेला असतो तो पाण्याने. ते पाणी उडून जाताना पेशींच्या पातळ भिंती आत ओढून घेतं. भिंती एकमेकींवर बसतात, लाकूड आक्रसतं, पिळवटतं, फुटतं. एकदा हे झालं की ते खोड नंतर हौदात बुडवून ठेवलं तरी पूर्ववत होत नाही.

मी तीस वर्षं वस्तुसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत ओल्या लाकडावर काम केलं. त्यातली एक डोण, म्हणजे खोड कोरून केलेली होडी, माझ्या मनातून अजून गेलेली नाही. एका खाडीत गाळ काढताना ती मिळाली होती. गावकऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी रीतसर कळवलं. ते पत्र एका कार्यालयात टेबलावर पडून राहिलं, आणि मी पोचले तो नववा दिवस होता. गावाने ती देवळासमोर, सगळ्यांना दिसावी म्हणून, चौथऱ्यावर मांडून ठेवली होती. त्यावर हळदकुंकू होतं, हार होता. मे महिना होता. पहिल्या दिवशी कुणी काढलेल्या फोटोत आतल्या बाजूला वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव मोजता येत होते, प्रत्येक घाव दोन बोटं रुंद, तिरका, उजव्या हाताने मारलेला. मी पाहिलं तेव्हा तोच पृष्ठभाग पापडासारखा सुटून आला होता. बोट लावलं की पापुद्रा निघे. बुडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. गावाने काळजी करण्यात काहीच कमी केलं नव्हतं. त्यांना फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आज एवढं करा. खोड सावलीत घ्या, पण एका टोकाला धरून उचलू नका. खाली फळी सरकवा आणि फळीसकट हलवा. ओलं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद असं गुंडाळा. दिवसातून दोनतीनदा पाणी शिंपडा, ज्या खड्ड्यातून खोड आलं तिथलंच पाणी असलं तर उत्तम. नळीने जोराची धार मारू नका, ब्रश लावू नका. आतला चिखल तसाच राहू द्या. तो बाजूंना आधार देतो, शिवाय त्यात काथ्याचा तुकडा, बी, खापर, माशाचा काटा असं काही असू शकतं, आणि कधीकधी खोडापेक्षा तोच चिखल जास्त बोलतो. खड्डा बुजवू नका. किती खोलीवर, कोणत्या रंगाच्या थरात खोड होतं ते लिहून ठेवा आणि शेजारी टेप धरून फोटो काढा.

मग जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याची तरतूद १८७८ च्या निखात निधी कायद्यात आहे, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. फोनवर तुम्ही विचारलंत, “आणि पणजोबांच्याच काळातली निघाली तर?” निघू दे. तुमच्या पणजोबांच्या काळची डोणही आता सहज बघायला मिळत नाही.

पुढचं काम प्रयोगशाळेचं. पाण्याच्या जागी हळूहळू पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा, पाण्यात विरघळणारा मेणासारखा पदार्थ भरतात. स्वीडनचं वासा हे जहाज १९६१ मध्ये वर काढलं आणि त्यावर या द्रावणाचा फवारा पुढे तब्बल १७ वर्षं चालला. तुमची डोण लहान आहे, तिला इतका काळ लागणार नाही. पण वयाच्या चाचणीसाठी नमुना घ्यायचा असेल तर तो या उपचाराच्या आधी घ्यायला हवा, नाहीतर या पदार्थातला कार्बन लाकडाच्या कार्बनात मिसळून हिशेब चुकवतो.

प्रश्न : नेदरलँड्सची ती ‘होडी’ फक्त तीन मीटरची आहे असं वाचलं. एवढ्याशा खोडाला होडी का म्हणायचं? गुरांना पाणी पाजायचं भांडंही असू शकतं. (निवृत्त अभियंता, पुणे)

तुमची शंका रास्त आहे आणि ती तज्ज्ञांनीही काढली होती. १९५५ मध्ये पेसे या गावाजवळ महामार्गाचं काम चालू असताना हे खोड वर आलं. लांबी २९८ सेंटिमीटर, रुंदी ४४. कार्बन कालमापनाने त्याचं वय इ.स.पू. ८०४० ते ७५१० यांच्या दरम्यान ठरलं. काहींचं म्हणणं पडलं की हे गव्हाणीसारखं काहीतरी असावं, कारण इतकी अरुंद वस्तू माणसाला घेऊन तरंगेल कशी? तेव्हा २००१ मध्ये तशीच प्रतिकृती कोरली आणि एका वल्हेकऱ्याला तीत बसवून पाण्यात सोडलं. ती चालली, वळलीसुद्धा. तलावात, संथ पाण्यात एका माणसाला मासेमारीसाठी ती पुरेशी होती. अर्थात तरंगली म्हणजे ती होडीच होती असं सिद्ध होत नाही, फक्त ‘होडी असणं अशक्य’ हा आक्षेप गळून पडतो. त्या काळी त्या भागात पाळीव गुरं नव्हती हे त्यात मिळवा. मला तरी ती होडीच वाटते.

तुमच्या प्रश्नाने मला एका गोष्टीची मात्र फार गंमत वाटली. आपल्या भाषेत हा गोंधळ मुळातूनच आहे. गुरांना पाणी पाजायची ती डोण, आणि खोड कोरून केलेली होडी तीही डोण किंवा डोणी. संस्कृतातला द्रोणी हा शब्दही दोन्ही अर्थांनी येतो. रामायणात भरत येईपर्यंत दशरथाचा देह ठेवला तो तैलद्रोणीत, तेलाने भरलेल्या मोठ्या पात्रात. जेवायला घेतो तो पानाचा द्रोण त्याच घरातला. पोकळ करून बाजू उभ्या ठेवल्या की आत पाणी ठेवा नाहीतर बाहेर, कारागिराच्या हाताला काम एकच.

हे खोड आज आसेन गावच्या ड्रेन्ट्स संग्रहालयात आहे. गोठवून वाळवण्याच्या पद्धतीने त्यातलं पाणी काढलं, म्हणून आकार शाबूत राहिला.

प्रश्न : ताई, म्हणजे माणसाने पहिली होडी दहा हजार वर्षांपूर्वी केली का? (इयत्ता आठवी, नाशिक)

नाही गं बाळा. दहा हजार वर्षांपूर्वीची होडी *टिकली*, एवढंच. कधी केली आणि कधीची टिकली, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे.

ऑस्ट्रेलियात माणूस निदान पन्नास हजार वर्षांपूर्वी पोचलेला होता. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा पुष्कळ खाली होती, तरीही आशियापासून तिथवर सलग जमीन कधीच नव्हती. वाटेत बेटं होती आणि बेटांच्या मधे खोल समुद्र, एका ठिकाणी तर किमान ८०-९० किलोमीटर. बायका, मुलं धरून वस्ती उभी राहण्याइतकी माणसं तो समुद्र ओलांडून गेली. त्यांच्या तराफ्याचा वा होडीचा एक तुकडाही मिळालेला नाही, पण ती माणसं तिथे होती हाच पुरावा.

दुसरा पुरावा दगडाचा. ग्रीसमधल्या फ्रान्क्थी गुहेत ऑब्सिडियनची पाती सापडली. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीतून आलेली काळी काच. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे ती कुठली हे ओळखता येतं. ही काच मेलोस नावाच्या बेटावरची निघाली. शेती सुरू व्हायच्या आधीच, बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी, कुणीतरी समुद्रातून जाऊन ती आणली होती.

मग होड्या गेल्या कुठे? एक तर जुने किनारेच आज पाण्याखाली आहेत. दुसरं, खाऱ्या पाण्यात टेरेडो नावाचा, शिंपल्यांच्या जातीतला किड्यासारखा प्राणी लाकूड पोखरून काही वर्षांत त्याची चाळण करतो. म्हणून जुन्या होड्या मिळतात त्या बहुतेक तळ्यांत, नद्यांच्या गाळात, दलदलीत, जिथे हा प्राणी नाही आणि हवाही पोचत नाही.

अशीच एक तुला आवडेल. १९८७ मध्ये नायजेरियातल्या दुफुना गावाजवळ एक गुराखी विहीर खणत होता. जवळजवळ पाच मीटर खोल गेल्यावर कुदळ कशावर तरी अडली. ती निघाली ८.४ मीटर लांबीची होडी, साधारण आठ हजार वर्षांपूर्वीची, आफ्रिकेतली सर्वांत जुनी. तिच्या बाजू पाच सेंटिमीटर जाडीच्या, म्हणजे तुझी तीन बोटं जोडून धर, तेवढ्या. दोन्ही टोकं निमुळती. दगडी हत्यारांनी एवढ्या लांब खोडाला इतकी पातळ, सारखी भिंत ठेवणं पहिल्याच खेपेला कुणाला जमत नाही. हे करणाऱ्याच्या आजोबाच्या आजोबानेही होड्या कोरल्या असणार.

प्रश्न : नुसत्या कोरलेल्या खोडाने खुल्या समुद्रात जाता येईल यावर विश्वास बसत नाही. लाट आली की गोल खोड उलटणारच. (एक वाचक, वसई)

वसईकरांना समुद्र मी काय सांगणार! पण जपानमध्ये हे करून पाहिलंय, आणि ते मला इतकं आवडतं की थोडं लांबेल.

तैवान आणि जपानच्या र्‍युक्यू बेटांमधून कुरोशिओ नावाचा जगातल्या सर्वांत जोरकस प्रवाहांपैकी एक वाहतो. तरीही तीस-पस्तीस हजार वर्षांपूर्वी त्या बेटांवर माणूस होता. युसुके काइफू या मानवशास्त्रज्ञाने ठरवलं की त्या काळच्या हत्यारांनी वाहन करायचं आणि स्वतः जाऊन बघायचं. २०१६ मध्ये गवताच्या जुड्या बांधून तराफे केले. प्रवाहाने ते भलतीकडे नेले. मग बांबूचे तराफे झाले. तेही मंद पडले, आणि बांबू चिरत गेला. शेवटी त्यांनी घासून धार लावलेल्या दगडी कुऱ्हाडींनी एक मीटर जाडीचा जपानी सीडार पाडला. झाड पाडायलाच सहा दिवस लागले. ते कोरून साडेसात मीटरची होडी केली.

जुलै २०१९ मध्ये चार पुरुष आणि एक बाई, असे पाच वल्हेकरी तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाले. होकायंत्र नाही, फोन नाही, घड्याळसुद्धा नाही. दिशा सूर्यावरून, ताऱ्यांवरून आणि लाटांच्या रोखावरून धरायची. योनागुनी बेट बराच काळ दिसतच नव्हतं. ४५ तास वल्हवून, २२५ किलोमीटर पार करून ते बेटाला लागले.

आता तुमचा आक्षेप. तो खरा आहे, होडी कलंडते आणि लाट आत येते. वल्हेकऱ्यांना वाटभर पाणी उपसावं लागलं. पण वेग मिळाला, आणि प्रवाह कापायला वेगच लागतो. याने एवढं सिद्ध झालं की तसं जाता येतं. त्या काळचे लोक तसेच गेले, असं काइफूंचाही दावा नाही, कारण तितकी जुनी होडी जपानात मिळालेली नाही. हे नीट वेगळं ठेवणारे संशोधक मला फार जवळचे वाटतात.

इटलीत रोमजवळ ब्राच्चानो तळ्यात ला मार्मोता म्हणून बुडालेलं गाव आहे. तिथे नवाश्मयुगातल्या पाच होड्या मिळाल्या, इ.स.पू. ५७०० ते ५१०० या काळातल्या. सर्वांत मोठी ओकची, १०.४३ मीटर लांब. बुडाला आडव्या पट्ट्या खोडातच कोरून ठेवल्यात, मजबुतीसाठी. त्या होड्यांबरोबर भोकं पाडलेल्या, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या लाकडी खुंट्या मिळाल्या. त्यांतून दोर ओवून शीड बांधत असतील, किंवा दोन होड्या जोडत असतील. गोल खोड उलटतं हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि त्यावर उपायही होता. या उपायाबद्दल शेवटच्या उत्तरात.

प्रश्न : मी मस्कतला असतो. रास अल जिन्झला कासवं पाहायला गेलो तेव्हा कळलं की तिथे सिंधू संस्कृतीशी व्यापार करणाऱ्या होड्यांचे अवशेष मिळालेत. प्रत्यक्षात काय मिळालं? (एक वाचक, मस्कत)

लाकूड नव्हे, डांबर! इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातले, नैसर्गिक डांबराचे तीनशेहून अधिक तुकडे. होडीच्या बाहेरून चढवलेला तो लेप होता, पुन्हा वितळवून वापरायला कुणीतरी एका खोलीत काढून ठेवलेला. एका बाजूला वेताच्या जुड्यांचे, चटईचे, दोरांचे ठसे उमटलेत. दुसऱ्या बाजूला काही तुकड्यांवर बार्नॅकल चिकटलेले, बोटीच्या बुडाला बसतात ते टणक कवचाचे जीव. होडी सडून गेली, पण आतून ती कशाची होती आणि बाहेरून समुद्रात किती राहिली, हे एकाच तुकड्याच्या दोन बाजूंनी सांगितलं. त्याच वस्तीत हडप्पाकालीन मडक्यांची खापरंही मिळाली. कुवेतच्या अस-सबिया इथे याहून जुने, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे असेच तुकडे आहेत. पुढच्या खेपेला रास अल जिन्झला गेलात तर कासवांआधी या होड्यांची माहिती बघा.

प्रश्न : आमच्या होडीला उलांडी असते. ही आमची पद्धत की बाहेरून आलेली? (एक वाचक, मालवण)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : उलांडी म्हणजे होडीच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकांवर बांधलेला तरंगता ओंडका. होडी एकीकडे कलू लागली की तो तिला सावरतो. अशीच जोडणी श्रीलंका, इंडोनेशिया, मादागास्कर ते थेट पॅसिफिकच्या बेटांपर्यंत दिसते. ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे इंडोनेशिया ते पॅसिफिकच्या बेटांवरच्या एका मोठ्या कुळातल्या, भाषा बोलणाऱ्या दर्यावर्दींची ती खूण मानतात. मद्रासच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्येच भारतीय होड्यांवर लिहिताना हा संबंध मांडला होता. मलाही ते पटतं. पण शेकडो वर्षं जी पद्धत तुमच्या माणसांनी हाताने बांधली, ती तुमचीच.

खोडं एकमेकांना जोडायची कल्पना आपल्या किनाऱ्यांवर जुनीच आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण आणि चौलची नावं येतात, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या ‘संगारा’ नावाच्या होड्यांचाही उल्लेख येतो. एकेका खोडाच्या होड्या एकत्र बांधून केलेल्या त्या मोठ्या नावा. अभ्यासक हा शब्द संस्कृत संघाटाशी जोडत आले आहेत. आपली सांगडही तीच, दोन डोणी किंवा ओंडके जोडून केलेला तराफा. ‘सांगड घालणे’ आपण दिवसातून किती वेळा म्हणतो! आणि केरळात पट्टणमच्या उत्खननात २००७ मध्ये धक्क्याजवळच्या चिखलात सहा मीटरची एक डोण मिळाली, पेरिप्लसच्याच सुमाराची. लाकूड आंजिलीचं, म्हणजे फणसाच्या कुळातलं.

माझ्या आजोबांची डोण आंब्याची होती. उलांडी ते दर पावसाळ्याआधी सोडून ठेवत आणि नारळीपौर्णिमेनंतर नव्या काथ्याने बांधत. मी एकदा विचारलं, खिळा का नाही मारत? ते म्हणाले, “खिळो लाटेक अडता, सुंभ लाटेबरोबर हलता.” आणि काथ्या भिजवून, पायाचा अंगठा दांडीला लावून, पुढची गाठ ओढू लागले.